पंगतीतला परका

देवाच्या नावाने वाढलेल्या पंगतीत त्या देवाला न मानणारा माणूस बसला, तर तो फक्त जेवतो की उपासनेत सामील होतो, हा प्रश्न बहुतेक सर्व धर्मांना केव्हा ना केव्हा सोडवावा लागला आहे. मालेगावच्या परिसरात तो दरवर्षी पौष महिन्यात नव्याने उभा राहतो. पौष पौर्णिमेला शहराजवळच्या चंदनपुरीत खंडोबाची यात्रा सुरू होते. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातून आणि खानदेशातून माणसे येतात. खंडोबा ज्यांचे कुलदैवत आहे ती कुटुंबे येतात, तशी ज्यांचा खंडोबाशी काही संबंध नाही तीही येतात. कोणी मित्राबरोबर आलेला असतो, कोणी पाळण्यात बसायला, कोणी कॅमेरा घेऊन. दुपारी चुलीवरचे पातेले उतरले की यजमान त्यांनाही जेवायला बसा म्हणतो.

चंदनपुरी हे बाणाईचे, म्हणजे बाणूचे, गाव मानले जाते. सारीपाटात पत्नी म्हाळसेकडून हरलेला खंडोबा ठरलेल्या पणाप्रमाणे घर सोडून निघाला आणि म्हाताऱ्याचे सोंग घेऊन बाणूच्या वाड्यावर चाकरीला राहिला, अशी कथा आहे. मेंढरे धुऊन आण म्हटल्यावर त्याने ती खडकावर आपटून मारली, भंडारा उधळून पुन्हा उठवली आणि मोबदल्यात बाणूशी लग्न मागितले. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणू धनगराची. एकीच्या घरी मांस वर्ज्य, दुसरीच्या घरी चालणारे. या दोघींच्या भांडणाची गाणी खंडोबाला वाहिलेले वाघ्या-मुरळी जागरणात अजून रंगवून म्हणतात, आणि त्या भांडणातला मोठा भाग चुलीचा, सोवळ्याओवळ्याचा आणि माहेरच्या ऐपतीचा असतो. चाकरीला राहिलेला गडी मालकिणीच्याच घरचे जेवणार, हे कोणत्याही गाण्याला वेगळे सांगावे लागत नाही. परक्याच्या ताटात जेवावे की नाही, या वादात इथला देव स्वतःच आधी जेवून मोकळा झालेला आहे.

या दुपदरी संसाराचा परिणाम नैवेद्यावर झाला. चंपाषष्ठीला खंडोबापुढे वांग्याचे भरीत, बाजरीचा रोडगा, कांदा आणि लसूण ठेवतात. चातुर्मासात कांदा-वांगे सोडलेली घरे त्या दिवसापासून ते पुन्हा खाऊ लागतात. बोकड मात्र बहुतेक ठाण्यांवर खुद्द खंडोबाच्या मूर्तीपुढे नेत नाहीत. तो बाणाईच्या नावाने, किंवा मरताना बोकडाचा मान मागून घेतलेल्या मणी दैत्याच्या नावाने कापला जातो. म्हणजे एकाच देवाच्या अंगणात दोन स्वयंपाक शिजतात, आणि येणाऱ्याला आपल्याला चालेल तो निवडता येतो.

तळी भरण्याचा विधी जवळून पाहिला तर परक्याची जागा कुठे आहे ते कळते. ताम्हणात विड्याची पाने, सुपाऱ्या, नाणी, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा घेतात. भोवती पाच पुरुष उकिडवे बसतात, सगळ्यांचे हात ताम्हणाच्या कडेला लागतात, आणि ‘सदानंदाचा येळकोट’ अशा गजरात ताम्हण तीनदा वर उचलले जाते. मग भंडारा प्रत्येकाच्या कपाळाला लावतात आणि खोबऱ्याचे तुकडे करून वाटतात. घरात पाच माणसे भरत नसतील तर शेजाऱ्याला हाक मारतात. त्याची श्रद्धा किती, हे विचारत बसत नाहीत. वाटण्याच्या वेळी तर निवड नसतेच. दारात जो उभा आहे त्याच्या कपाळाला पिवळे बोट लागते. स्त्रियांचा हात मात्र ताम्हणाला लागत नाही. परक्या पुरुषाला मिळणारी जागा घरच्या बाईला मिळत नाही, ही गोष्ट पाहुण्याच्या सहसा लक्षात येत नाही, आणि आली तरी त्याने बोलायची पद्धत नाही.

खंडोबाच्या पंगतीला आणखी एक जेवणारा असतो, तो म्हणजे कुत्रा. देवाचे वाहन घोडा आणि सोबती कुत्रा, म्हणून नैवेद्यातला घास कुत्र्याला घालतात. काही ठिकाणी वाघे स्वतः कुत्रे होतात: कोटंबा या भिक्षापात्रात दूध-भाकरी किंवा भरीत-रोडगा घालून खाली ठेवतात आणि ते भुंकत, एकमेकांवर गुरकावत तोंडानेच खातात. नवख्याला हा प्रकार ओंगळ वाटतो. पण उपासनेच्या दृष्टीने तो फार स्पष्ट आहे. देवाच्या दारात खायला श्रद्धेचा दाखला लागत नाही. भूक आणि घेण्याची तयारी पुरते.

हीच भूमिका जुन्या ग्रंथांतही दिसते. एकटा खाणारा एकटाच पापाचा धनी होतो, ही ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली कल्पना गीतेच्या तिसऱ्या अध्यायात पुन्हा येते: यज्ञातून उरलेले खाणारे पापातून सुटतात, स्वतःपुरते शिजवणारे पापच खातात. इथे सगळा भार शिजवणाऱ्यावर आहे. अन्न आधी अर्पण झाले की नाही, वाटले की नाही, एवढेच पाहायचे. खाणारा मनात काय म्हणतो याची चौकशी नाही. तैत्तिरीय उपनिषद अतिथीला देव मानायला सांगते, तेही यजमानालाच. अतिथीने यजमानाच्या देवाला काय मानावे, हा विषय तिथे निघत नाही. मनुस्मृतीत मात्र हिशेब सुरू होतो. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय हा खरा अतिथी नव्हे, आणि वैश्य-शूद्र आले तर त्यांना नोकरांबरोबर जेवू घालावे, असे तिसरा अध्याय सांगतो. देवासारखा पाहुणा आणि नोकरांबरोबरचा पाहुणा हे एकाच परंपरेचे दोन नियम आहेत, आणि पुढच्या काळात व्यवहारात कोणता जास्त चालला हे सांगण्याची गरज नाही.

ज्या धर्मांत एकाच देवाची निष्ठा केंद्रस्थानी आहे, तिथे प्रश्न वेगळ्या बाजूने आला. पहिल्या शतकात करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांपुढे तो रोजच्या बाजारात उभा होता, कारण मूर्तीला वाहिलेल्या पशूचे मांस तिथे खाल्ले आणि विकले जात होते. पौलाने त्यांना लिहिलेले उत्तर चतुर आहे. मूर्ती म्हणजे काहीच नाही, म्हणून मांस हे फक्त मांस आहे. दुसऱ्याच्या घरी बोलावले तर पुढे येईल ते खावे, चौकशी करू नये. पण कोणी मुद्दाम सांगितले की हे देवाला वाहिलेले आहे, तर खाऊ नये, आणि तेही सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून. मूर्तीच्या पूजास्थानी बसून तिच्या मेजवानीत वाटेकरी होण्याला मात्र त्याची साफ मनाई होती. पौलाच्या लेखी पदार्थ तोच राहतो आणि जागा बदलली की कृती बदलते.

इस्लाममध्ये मर्यादा अधिक ठळक आहे. अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावाने वाहिलेला पशू कुराणाने निषिद्ध ठरवला आहे, त्यामुळे बाणाईच्या नावाचा बोकड श्रद्धावान मुसलमानाला चालणार नाही. त्याच कुराणात कुर्बानीबद्दल असेही म्हटले आहे की मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती माणसाची निष्ठा. मांस मग माणसांसाठीच उरते, आणि त्याचे तीन वाटे करण्याची रीत आहे: एक घरचा, एक नातेवाईक-शेजाऱ्यांचा, एक गरिबांचा. मालेगाव हे मुस्लिमबहुल शहर. 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी ते वाढवले, आणि आज त्याची ओळख यंत्रमागांवर आहे. अशा शहरात हे नियम पुस्तकात राहत नाहीत, शेजाऱ्याच्या दारात येतात. रमजान ईदचा शीरखुर्मा प्यायला जाणाऱ्या हिंदू मित्राला कोणताच पेच नसतो, कारण त्यात वाहिलेले काही नाही. गणपतीचा प्रसाद हातावर पडला की मुसलमान मित्रापुढे पेच असू शकतो. हा फरक मनाच्या कोतेपणाचा मानणे चूक आहे. दोन धर्म अर्पण या कृतीकडे दोन तऱ्हेने पाहतात, एवढेच त्यामागे आहे.

व्यवहाराने या दोन दृष्टींमध्ये वाटा काढल्या आहेत, आणि त्या धर्मशास्त्रापेक्षा रोचक आहेत. महाराष्ट्रात अनेक हिंदू कुटुंबे दर्ग्यावर कंदुरी, म्हणजे बोकडाचे जेवण, करतात. बोकड नवसाचा, नवस हिंदूचा, पीर मुसलमानांचा, आणि सुरी मुलाण्याच्या हातात. मुलाणी हा गावगाड्यातलाच. गावची बकरी हलाल करणे हे त्याचे काम, आणि कित्येक मराठा घरांत त्याने कापलेलेच मांस चालत असे. कंदुरीचे जेवण अनेक ठिकाणी तिथेच संपवायचे असते, घरी न्यायचे नसते. त्यामुळे येईल त्याला बसवावेच लागते. खंडोबाकडेही असे धागे आहेत. त्याला मल्लूखान म्हणतात, आणि जेजुरीत देवाच्या घोड्यांची देखभाल परंपरेने मुस्लिम कुटुंबाकडे आहे.

खाल्ले म्हणजे सामील झाला का, हा प्रश्न महाराष्ट्रात एकदा खटल्यासारखा चालला. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या नामवंतांना बोलावणे आले. सभेनंतर चहा-बिस्किटे पुढे आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानाचा मान राखून पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. गोपाळ विनायक जोशी या खोडसाळ गृहस्थांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापवली आणि सनातन्यांनी गदारोळ केला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते सांगितली गेली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे मित्रांच्या अडचणी पाहून ते घेतले, आणि सुधारकांनी त्याबद्दल त्यांना दोष दिला. 

या वादात एक गोष्ट कोणी फारशी विचारली नाही. त्या चहावर कसलीही प्रार्थना झालेली नव्हती, तो कोणाला वाहिलेला नव्हता. पौलाच्या कसोटीने तो निव्वळ चहा होता. पुण्याच्या कसोटीने तो कोणी केला, कोणी दिला आणि कोणाच्या शेजारी बसून घेतला, हे महत्त्वाचे ठरले. तेव्हा ‘परका’ ठरवण्याचे दोन मार्ग स्पष्ट दिसतात. एक अन्नाच्या अर्पणाकडे पाहतो, दुसरा माणसाच्या जन्माकडे. पहिल्यात पाहुणा नको म्हणू शकतो आणि त्याचा मान राहतो. दुसऱ्यात नको म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतोच.

दूरचा परका खरे तर सोपा असतो. तो येतो, जेवतो, कौतुक करतो आणि जातो. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी धनगरांत आणि खंडोबाच्या ठाण्यांवर वर्षानुवर्षे हिंडून संशोधन केले, आणि ज्यांच्यावर लिहिले त्या माणसांनी त्यांना आपल्यात बसवून घेतले. पण त्याआधी पिढ्यानपिढ्या गावातल्या महाराला त्याच गावच्या पंगतीत जागा नव्हती, किंवा असली तर सगळे उठल्यावर, लांब. उष्टे मागणे हा त्याचा हक्क समजला जाई. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे खाणे सोडा असे सांगितले, त्यात हा तथाकथित हक्क नाकारण्याची धार होती. 1930 मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, तो देवळाच्या दाराशी याच भेदाविरुद्ध होता. 

पंगतीतला भेद मोडून काढायचे प्रयत्न सवर्ण सुधारकांनीही केले. अनंत हरी गद्रे झुणका-भाकरीचा सत्यनारायण घालत. पूजेला दलित जोडपे बसे आणि प्रसाद म्हणून झुणका-भाकर सर्वांनी घ्यायची. यात विनोद होता आणि हुशारीही, कारण प्रसाद नाकारणे हे सत्यनारायणाच्या कथेतच मोठे संकट ओढवणारे कृत्य आहे. आंबेडकरांना मात्र सहभोजनाचा भरवसा नव्हता. जातिसंस्थेवरच्या 1936 च्या निबंधात त्यांनी म्हटले की एकत्र जेवणे पुष्कळांत चालते, तरी जात मरत नाही. ती आंतरजातीय विवाहाने मरेल. अनुभव त्यांच्या बाजूने आहे. पंगतीत शेजारी बसलेला दुसऱ्या दिवशी पुन्हा आपापल्या आळीत जातो, आणि पंगतीला तेवढीच शक्ती असते.

मालेगावहून फार लांब नसलेल्या मनमाडच्या गुरुद्वाऱ्यात या प्रश्नाचे एक सरळ उत्तर चालू आहे. नांदेडच्या हजूर साहिबला जाणारे-येणारे यात्रेकरू तिथे उतरतात आणि लंगरला बसतात. त्यांच्याबरोबर गाडी चुकलेला प्रवासी, हमाल, भिकारी असा कोणीही बसतो. डोके झाकायचे, जोडे काढायचे, जमिनीवर ओळीत बसायचे आणि भाकरी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. मांस शिजत नसल्याने आणि कोणाच्या नावाने पशू वाहिला जात नसल्याने बहुतेकांच्या बंधनांना धक्का लागत नाही. अटी आहेत, पण त्या शरीराच्या आहेत. श्रद्धेबद्दल कोणी विचारत नाही, आणि जात विचारायची सोय राहू नये म्हणूनच ही ओळ आखलेली आहे.

पाहुण्यांसाठी जगभर प्रसिद्ध झालेली एक मेजवानी हवाई बेटांची, म्हणजे लुआऊ. तिचा इतिहास या विषयाला जवळचा आहे. 1819 पर्यंत तिथे स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवणे धर्माने निषिद्ध होते. डुक्कर, केळी, नारळ स्त्रियांना वर्ज्य होते, आणि पुरुषांच्या भोजनगृहातच देवांना अन्न वाहिले जाई. त्या वर्षी राजा लिहोलिहो सर्वांसमक्ष स्त्रियांच्या पंगतीत जाऊन जेवायला बसला आणि जुनी धर्मव्यवस्था एका जेवणात कोसळली. मिशनरी तिथे उतरले ते त्यानंतरच्या वर्षी. आजच्या लुआऊत एकत्र जेवण होते ते त्या मोडलेल्या निर्बंधाच्या जागेवर. ताटात अळू असते, तेच अळू जे कोकणातल्या लग्नात फतफते होऊन येते. त्याचा कंद कुटून पोई करतात. हवाईच्या कथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ आहे: आकाशपित्याचे पहिले मूल मृत जन्मले, पुरले तिथून अळू उगवले, आणि पुढच्या मुलापासून माणसे झाली. म्हणून पोईचे भांडे उघडे असताना घरात भांडायचे नाही.

पर्यटक ज्या लुआऊला जातो ती बहुधा हॉटेलच्या हिरवळीवर, तिकीट काढून असते. जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांवर भाजलेले डुक्कर सर्वांसमोर बाहेर काढतात, मग नाच होतात. त्यातला आगीच्या सुऱ्यांचा नाच सामोआचा, हवाईचा नव्हे. या कार्यक्रमाला खोटे म्हणणे सोपे आहे, पण दोष खोटेपणात नाही. तिकीट काढणारा ऋणातून मोकळा होतो. त्याने किंमत दिली, त्याला जेवण मिळाले, हिशेब संपला. पोईच्या भांड्यासमोर भांडायचे नाही हा नियम त्याला लागू होण्याचे कारण उरत नाही. त्याच बेटांवर मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला घरोघरी लुआऊ होतात. तिथे गेलेल्या परक्याला कोणी किंमत सांगत नाही, म्हणून तो कोणाचा तरी कोणीतरी होऊनच परततो.

चंदनपुरीला तिकीट नाही, पण पाहणारा पाहुणा वाढतो आहे. त्याला जागरण हवे असते, वाघ्याची दिमडी आणि मुरळीचा नाच मोबाइलमध्ये घ्यायचा असतो. मुरळी सोडण्याच्या प्रथेने किती मुलींचे आयुष्य देवाच्या नावाने बांधले गेले, मुंबई प्रांताला 1934 मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा का करावा लागला, हे त्या चित्रात येत नाही. खाणाऱ्यापेक्षा फक्त पाहणारा विधीपासून जास्त दूर असतो. जो खोबऱ्याचा तुकडा घेतो त्याच्या कपाळावर भंडारा राहतो, आणि गावातून परतताना चार जण त्याला कुठून आलात म्हणून विचारतात. जो घेत नाही त्याला कोणी विचारत नाही.

नाकारायचे असेल तर त्याचीही रीत ठरलेली आहे. खंडोबाच्या पाहुण्याला बोकड चालत नसेल तर खोबरे आणि भंडारा पुरतो. तेवढ्यानेही प्रसाद घेतल्यासारखे होते. गळ्यात तुळशीची माळ असलेला वारकरी बोकडाच्या जेवणाला किंवा कंदुरीला आला, तर त्याच्यासाठी वेगळी चूल मांडतात, भांडी वेगळी ठेवतात आणि माळकऱ्यांची पंगत आधी उठवतात. ही पंगत बाजूला असते, तरी तिच्यात बसणाऱ्याला कमीपणा वाटत नाही, कारण वेगळे बसणे त्याने स्वतः मागितलेले असते. वरण-भात आणि वांग्याची भाजी वाढून झाली की यजमान एकदा येऊन आणखी काय हवे ते विचारतो आणि मग दुसऱ्या चुलीकडे वळतो.